कोजागरीच्या गच्चीवर फुकट्यांना कसं झोडावं

कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध ठेवतात आणि ते आटेपर्यंत तासभर काहीतरी बोलत बसावं लागतं. पार्किंगचा विषय काढला तर मारामारी होते, रिडेव्हलपमेंटचा काढला तर सेक्रेटरी उठून जातो, म्हणून हल्ली सगळ्यात सेफ विषय एकच, सरकार गरिबांना फुकट वाटतंय. यात कोणाचं मन दुखावत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते गच्चीवर नसतात, आणि असले तरी खुर्च्या लावत असतात. तुम्हाला या विषयावर अजून नीट बोलता येत नसेल, मागच्या वर्षी सातव्या मजल्यावरच्या त्या रिटायर्ड प्राध्यापकाने तुमची चार लोकांत गोची केली असेल, तर हे वाचा आणि यंदा तयारीनेच वर जा.

सुरुवात कायम "आमच्या टॅक्सच्या पैशांवर" अशीच करायची. जोर "आमच्या"वर. मग थोडं थांबायचं, दोन-चार माना हलू द्यायच्या. मग म्हणायचं की या देशात इन्कम टॅक्स भरणारे मूठभर आणि खाणारे सगळे. इन्कम हा शब्द हळू म्हणा, टॅक्स मोठ्याने, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं बाकीचे काहीच भरत नाहीत. कोणीतरी आगाऊ म्हणेल की अहो भांड्यांच्या मावशी पोरासाठी पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतात त्यावर पण जीएसटी असतो, २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १८ टक्के होता, मग ५ झाला. त्यावर फक्त हसायचं आणि "ते वेगळं" म्हणायचं. का वेगळं ते सांगत बसू नका. "ते वेगळं" हे या विषयातलं ब्रह्मास्त्र आहे, आज रात्री पाच-सहा वेळा लागणार आहे.

आता शब्दांचं बघू, कारण अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. गरिबाला मिळते ती रेवडी. हा शब्द २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी बुंदेलखंडात वापरून दिलाय, आपल्याला नवीन शोधायची गरज नाही. कंपनीला मिळतं ते प्रोत्साहन. आपल्याला मिळते ती सूट, वजावट, रिबेट, असलं काहीतरी ज्याला कलम नंबर असतो. शेतकऱ्याचं कर्ज माफ होतं, मोठ्या उद्योगाचं राइट-ऑफ होतं, आणि माफ आणि राइट-ऑफ यात टेक्निकल फरक आहे हं, तो खरंच आहे, राइट-ऑफ झाल्यावरही वसुली चालू राहते. तो फरक पाठच करून जा. कारण दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींच्या वर कर्जं राइट-ऑफ केली हे सरकारनेच संसदेत सांगितलंय, तो आकडा प्राध्यापकाने काढला की हा टेक्निकल फरक आपल्याला दहा मिनिटं पुरतो, तोवर दूध आटतं.

आकड्यांचं म्हणाल तर एकच लक्षात ठेवा, ४६ हजार कोटी. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ ला सुरू झाली तेव्हा वर्षाचा अंदाज हाच होता. हा आकडा ओरडूनच म्हणायचा. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला तेव्हा सरकारने स्वतःच सांगितलं होतं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडतोय, हा आकडा मात्र म्हणायचाच नाही, त्याऐवजी "अर्थव्यवस्थेला चालना" म्हणायचं, चालनेला आकडा नसतो. आणि २०२५ च्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला, सरकारचे त्यात लाखभर कोटी गेले, बारा लाखवाल्याचे वर्षाला ८० हजार वाचले, त्या दिवशी आपण सगळ्यांनी ऑफिसात पेढे खाल्ले ना, ते पेढे होते, रेवड्या नव्हे. रेवडीला तीळ लागलेले असतात.

एक गणित मात्र वर जाण्याआधी घरीच करून विसरून जा. लाडक्या बहिणीला महिन्याला १५००, म्हणजे वर्षाचे १८ हजार. तुम्ही इन्कम टॅक्सच्या जुन्या, वजावटीवाल्या रेजिमला चिकटून बसलायत ते होम लोनसाठी, त्याच्या व्याजावर दोन लाखांची वजावट, ३० टक्क्यांच्या स्लॅबला झाले ६० हजार, सेस धरून थोडे जास्तच. म्हणजे तुमच्या टू-बीएचकेसाठी सरकार दरवर्षी तीन लाडक्या बहिणींना पुरून उरतील एवढे पैसे सोडतंय. त्यात तुम्ही फॉर्म भरायला अंगणवाडीसेविकेकडे गेला नाहीत, लाइनमध्ये उभे राहिला नाहीत, फोटो काढला नाही, तुमचं नाव यादीत आलंय की नाही बघायला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कोणी कागद डकवला नाही, सगळं सीएने केलं. त्यामुळे ही मदत नाहीच. मदत असती तर लाज नसती वाटली?

मग येतो आळशीपणाचा मुद्दा, इथे गच्ची सगळी आपली असते. लोकांना फुकट खायची सवय लागली, कामाला माणसं मिळत नाहीत, गावाकडे शेतात मजूर मिळत नाहीत, आमच्याकडच्या मावशी नवरात्रात चार दिवस आल्या नाहीत. रेशनचा महिन्याला पाच किलो तांदूळ-गहू मिळाला की माणूस आयुष्यभर लोळत पडतो असं बोलून बघा, कोणी हसणार नाही, मी स्वतः हे तीन ठिकाणी ऐकलंय आणि एकदा एक जण तर तीस किलोची साखरपुड्याची मिठाई गाडीत भरता भरता बोलला. माणसं का मिळत नाहीत यावर कोणी "पगार वाढवून बघितला का" विचारलं तर लगेच विषय बदला. मार्केट, डिमांड-सप्लाय हे सगळं आयटीतल्या जॉब स्विचसाठी असतं, धुण्याभांड्यांना नाही.

पण सावध. आळशीपणा निघाला की प्राध्यापक हमखास रोजगार हमीवर जाणार, आणि तो एकदा १९७२ मध्ये घुसला की बाहेर येत नाही. म्हणून त्याचं भाषण आधीच ऐकून ठेवा. तो तुम्हाला सॅलरी स्लिप उघडायला लावेल. बेसिक, एचआरए, पीएफ, आणि खाली कोपऱ्यात पीटी २००, फेब्रुवारीत ३००. नोकरीला लागल्यापासून कापला जातोय, कशाला ते तुम्ही कधी विचारलं नाही, पगाराच्या मानाने चिल्लर म्हणून. तर हा पीटी, म्हणजे व्यवसाय कर, १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. ७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं उन्हात खडी फोडायला बसली होती, बाया पाटीत पोर आणि दुसऱ्या हातात हातोडा घेऊन, खायला सुकडी, आणि ज्या रस्त्यांवरून आज आपण गावी जत्रेला गाडी घेऊन जातो त्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली तीच खडी आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी कल्पना मांडली, मागेल त्याला काम, पैसे शहरातल्या पगारदाराने द्यायचे. १९७७ ला कायदा झाला, आणि २००५ साली दिल्लीने देशभरासाठी कायदा केला तेव्हा समोर नमुना आपलाच होता. म्हणजे मुंबईच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराची मजुरी ही भानगड महाराष्ट्रातच निघाली आणि आपले वडील-आजोबा काही न बोलता ती भरत आले.

यावर तुमचं उत्तर, "म्हणजे बघा, तेव्हापासून लुटतायत!" टाळी मिळेल. पण टाळी संपायच्या आत दुसरा विषय काढा, कारण पुढचं वाक्य त्याला बोलू द्यायचं नाहीये. पुढचं वाक्य असं की व्यवसाय कराला राज्यघटनेतच वर्षाला २५०० ची मर्यादा आहे, १९८८ पासून तीच, आणि महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की सगळ्या पुरुषांना एकच रेट (बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे, ते एक बरं केलं). गेटवरच्या वॉचमनकाकांना तेरा हजार मिळतात, त्यातून २०० कापले जातात. तुम्हाला अडीच लाख मिळतात, त्यातून २०० कापले जातात. वर्षाचे दोघांचे अडीच-अडीच हजार. एजन्सी काकांचे कापून पुढे भरते का ते देवाला ठाऊक, पण कापते नक्की. म्हणजे ज्या कराने गरिबाला काम दिलं त्या करात तुम्ही आणि काका अगदी बरोबरीचे, उलट पगाराच्या मानाने हिशोब मांडला तर काका तुमच्या जवळपास वीसपट भरतात. आणि हे गच्चीवर कोणी मोठ्याने बोललं की "आमच्या"वरचा सगळा जोर जातो, कारण काका तिथेच प्लास्टिकचे ग्लास पुसत उभे असतात.

श्रीमंतांवर जास्त कर लावा असं कोणी तरुण पोरगं म्हणालंच, एखादं असतंच, पुण्याला हॉस्टेलला राहून आलेलं, तर त्याला १९७३-७४ चं भूत दाखवा. तेव्हा वरच्या स्लॅबला ९७.७५ टक्के टॅक्स होता, खरंच होता. पोरगं गार होतं. इस्टेट ड्युटी, म्हणजे वारशावरचा कर, १९८५ ला काढली, संपत्ती कर २०१५ ला काढला कारण वर्षाला जेमतेम हजार कोटी जमत होते. जमत का नव्हते हा प्रश्न विचारायचा नाही. २०२४ च्या निवडणुकीत संपत्तीच्या वाटपाचं नुसतं नाव निघालं तर गोष्ट मंगळसूत्रापर्यंत गेली, त्यामुळे पोराला म्हणा तुझ्या आईचं मंगळसूत्र नेतील, आई शेजारीच बसलेली असते, ती बघून घेते.

आणि मग हळूच आपल्या कष्टांवर या. हा भाग मनापासून बोला, डोळ्यांत पाणी आलं तर अजून चांगलं. मला कोणी काही दिलं नाही. अनुदानित शाळेत शिकलो, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नाममात्र फीमध्ये डिग्री घेतली, आजोबांनी बाणेरला माळरान घेऊन ठेवलेलं, तिथे ज्वारीपण धड येत नव्हती, मग समोरून रस्ता गेला, मग हायवे मोठा झाला, मग आयटी आलं, आणि मी रात्रंदिवस कष्ट करून ते बिल्डरला दिलं. कष्ट म्हणजे सह्या. रस्ता कोणाच्या पैशातून झाला? ते वेगळं.

एक मुद्दा मात्र चुकूनही काढू नका, तो खरा आहे. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी वळवला म्हणून सामाजिक न्याय मंत्रीच जाहीर चिडले होते. म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात, वर निवडणुकीत २१०० चं बोलून १५०० वरच गाडी थांबलेली. यावर खरोखरचा वाद होऊ शकतो, पैसे कोणाकडून घ्यावे, कुठे घालावे, पंधराशे हातात द्यावे की आश्रमशाळेला नीट डॉक्टर द्यावा, माझं स्वतःचंही यावर पक्कं मत नाही. पण अशा वादाला रात्र पुरत नाही, आणि त्यात कोणाला झोडता येत नाही. त्यापेक्षा चौदा हजारांवर पुरुषांनी लाडक्या बहिणीचे पैसे उचलले तो किस्सा सांगा. गच्ची खळखळून हसते. फसवणारे ते लोक, असं म्हणा.

तुम्ही आईला महिन्याला ८,३०० भाडं देता ते यात येत नाही. एक लाखाच्या वर गेलं तर आईचा पॅन द्यावा लागतो म्हणून ८,३००, बाराने गुणलं की ९९,६००, सीएनेच सांगितलेला आकडा आहे. पावत्यांवर आई दर मार्चला एका बैठकीत बारा सह्या करते, पेन बदलून बदलून, एवढं वय झालं तरी डोकं चालतं. ते टॅक्स प्लॅनिंग.

एव्हाना दूध आटलेलं असेल, केशर पडलेलं असेल. कोणीतरी काकू सांगतील की आज लक्ष्मी फिरते, को जागर्ति, कोण जागं आहे विचारत, आणि जो जागा असेल त्याला देऊन जाते. उत्पन्नाचा दाखला मागत नाही, चारचाकी आहे का विचारत नाही. हात जोडा आणि दुसरा ग्लास घ्या.

आणि फोन सायलेंटवर ठेवू नका. खाली आई जागी आहे, चौसष्टची आहे म्हणजे अजून बसते नियमात, गावचं केशरी कार्ड आपण रद्द केलेलं नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला लागला नव्हता. दिवसा ई-केवायसीची साइट उघडतच नाही, रात्री अकरानंतर जरा चालते, आणि तिच्या आधारला नंबर तुमचा आहे. ओटीपी आला की बोलणं मधेच सोडून जिन्यात जा आणि तिला सांगा, नीट सावकाश सांगा, मागच्या वेळी सहाचा नऊ ऐकला होता तिने. मग बाबांच्या आधारचा दुसरा येईल, तोही तुमच्याच नंबरवर.