सातशे लेकरं मेली नव्हती

'जपानात एका कार्टूनच्या भागानं सातशे लेकरं मेली. तिथल्या सरकारनं बंदी घातली, आपल्याकडं सेन्सॉर बोर्ड पैसे खाऊन तोच भाग दाखवतंय. टीव्ही बंद करा, फिटची गोळी लागणारच नाही. फिट आलीच तर चप्पल हुंगवा.' खाली हात जोडलेले आणि 'अकरा ग्रुपात पाठवा'.

पाहुण्यांच्या ग्रुपात हे तीनदा आलं, मी तीनदा गप्प बसलो. रविवारी सेलूहून बहिणीचा फोन. "दादा, चार दिस झाले टीव्ही बंद केलाय. गोळी बी बंद केली." भाचा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ फिटची गोळी चालू. पट्टीत आठ गोळ्या तशाच. मग मात्र डोकं फिरलं.

आधी गोळीचंच. ती अशी एकदम तोडली की झटक्यामागून झटका येत राहू शकतो, थांबतच नाही. त्यात जीव जातो. कमी करायची असली तरी डॉक्टर हळूहळू, कित्येक आठवडे लावून कमी करतात. लखलखाटानं काहींना फिट येते, हे खरं आहे. तेवढं कबूल करतो. पण फिटच्या शंभर रुग्णांत असे साधारण तीन. भाच्याचा ईईजी (मेंदूची तपासणी) काढला तेव्हा डोक्याला वायरी लावून डोळ्यांपुढं दिवा लखलखवला होता, मी शेजारीच उभा होतो. काही निघालं नाही. म्हणजे त्याचा टीव्ही बंद करून फिट थांबणार नाही.

आणि चप्पल! बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्यात कुणीतरी दारातली चप्पल आणून नाकाला लावतं आणि नाव चपलेचं होतं. लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ लावा.

आता जपान. १६ डिसेंबर १९९७, टीव्ही टोकियो वाहिनीवरचा पोकेमॉन या कार्टूनचा ३८वा भाग. त्यातल्या पिकाचू या पात्रानं क्षेपणास्त्रांवर वीज सोडली आणि पडद्यावर लाल-निळा प्रकाश सेकंदाला बाराएक वेळा लखलखला, काही सेकंद. तिथल्या अग्निशमन यंत्रणेच्या नोंदीप्रमाणं ६८५ मुलांना रुग्णवाहिकेनं दवाखान्यात नेलं. बरीचशी वाटेतच सावरली. मेलं एकही नाही. संध्याकाळच्या बातम्यांत तोच तुकडा परत दाखवला, तेव्हा आणखी काही जणांना त्रास झाला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे तरी वाचावं.

बंदी म्हणाल तर मालिका वाहिनीनंच थांबवली आणि एप्रिल १९९८ मध्ये परत सुरू केली. तो एक भाग त्यानंतर जगात कुठंच लागलेला नाही, मग आपल्याकडं कुठून लागणार? (वीज सोडली पिकाचूनं, पण मालिकेतून जवळजवळ हद्दपार झाला तो पोरीगॉन नावाचा दुसराच बिचारा, कारण भागाच्या नावात तो होता.)

राहिलं सेन्सॉर बोर्ड. ते सिनेमाला प्रमाणपत्र देतं. टीव्ही मालिकांचे भाग त्याच्याकडं जातच नाहीत; त्यांना १९९५ चा केबल कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता लागू आहे. जो भाग बोर्डापुढं येतच नाही, त्याचे पैसे ते कशाचे खाणार?

रविवारीच डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले तशी गोळी सुरू झाली. टीव्ही बहिणीनं अजून लावलेला नाही. भाचा शेजारच्या काकूंकडं बसून पिकाचू बघतोय.