३०० किलोमीटरचे पैसे आणि वाईचा घाट

गेल्या बुधवारी मी ३०० किलोमीटरचे पैसे भरले आणि १९१ किलोमीटर वापरले. उरलेले १०९ सोडून दिले. हे घरी सांगितल्यावर नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे दीड हजार रुपये पाण्यात?"

म्हटलं, पाण्यातच. कृष्णेच्या.

पुण्यातून बाहेरगावी भाड्याची गाडी ज्यांनी केली असेल त्यांना हे गणित सांगायला नको. गावातल्या गावात हिंडायचं तर '८ तास ८० किलोमीटर' मिळतं. हद्दीबाहेर गेलात की ते बंद. मग दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटरचे पैसे (कुठे २५०), वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल वेगळा. सकाळी जाऊन जेवायला घरी या नाहीतर रात्री अकराला या, बिल तेवढंच. अर्धा दिवस नावाची गोष्ट त्या दरपत्रकात नाहीच. आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्या निम्म्या सहली या दरपत्रकापायी बिघडतात.

कारण एकदा पैसे भरले की ते वसूल केल्याशिवाय आपल्या जिवाला चैन पडत नाही. वाईला निघालोच आहोत तर पाचगणी आलंच. पाचगणीपर्यंत गेलो तर महाबळेश्वर असं कितीसं राहिलं? आणि महाबळेश्वरला जाऊन प्रतापगड नाही केला म्हणजे लोक काय म्हणतील! मग संध्याकाळी साडेसातला खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी गाडी, मागच्या सीटवर घाट लागून मलूल पडलेलं पोर, आणि मोबाइलमध्ये २०० फोटो. त्यात वाईचा एक. ढोल्या गणपतीच्या पायरीवर काढलेला, उन्हामुळे सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी हे दोनदा केलंय, म्हणून अधिकाराने बोलतेय.

या वेळी तसं करायचं नव्हतं, कारण बरोबर आत्या होती.

आत्या ८१ वर्षांची. वाई म्हणजे तिचं आणि बाबांचं आजोळ, गणपती आळीत. मामाचा वाडा केव्हाच गेला, तिथे आता चार मजली इमारत आहे. दोन वर्षं तिचं एकच चालू होतं, "एकदा घाटावर नेऊन आण गं." मी विचारलं होतं, घर होतं ती जागा बघायची का? तर म्हणाली, "ती कशाला बघायची? घाट बघायचा. घाट कुणी विकलेला नाही अजून."

एसटीने नेता आलं असतं. मी स्वतः कायम स्वारगेटहून महाबळेश्वरच्या गाडीत बसून वाईला उतरत आलेय, आणि ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने तसंच जावं असं आजही म्हणेन. पण आत्याचा एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. शिवाय तासाभराने एकदा थांबावं लागतं, आणि एसटी आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याला हवं तिथे थांबणारी गाडी ही माझ्यासाठी चैन असेल. तिच्यासाठी ती चैन नव्हती. ती नसती तर वाईच नव्हती.

गाडी ठरवताना फोनवर झालेलं संभाषण असं:

"ताई, वाई म्हणजे फुल डेच पडेल."

"पडू दे."

"मग महाबळेश्वर टाकू का त्यात?"

"नको."

"पाचगणी तरी टाकतो."

भाजीवाला कोथिंबीर टाकतो तशा सुरात. मी म्हटलं, दादा, साडेपाचला निघायचं, दीडच्या आत घरी यायचं, मधे फक्त वाई आणि जमलं तर मेणवली. थोडा वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाले, "पण वाईचा पॉइंट तर वीस मिनिटांचा आहे."

ही 'पॉइंट'ची भानगड महाबळेश्वरावरून घाट उतरून खाली आली असावी. वाईला लोक राहतात. सकाळी नदीवर येतात, सोवळं वाळत घालतात, गोधड्या धुतात, भांडतात. त्याला किती मिनिटं लावायची?

साडेपाचला निघण्याचा फायदा कात्रजचा बोगदा ओलांडला की कळतो. रस्ता रिकामा. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली, तशी अंधारातच आत्या म्हणाली, "आला सातारा जिल्हा." तिला दिसत काहीच नव्हतं, पुलावर चाकांचा आवाज बदलला त्यावरून ओळखलंन. शिरवळच्या अलीकडे-पलीकडे चहा आणि ती दुसरी गरज. त्या हॉटेलच्या स्वच्छतागृहाबद्दल मी लिहीत नाही, कारण तुम्ही कदाचित जेवता जेवता वाचत असाल. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघालं की सहा-सात तासांचीच सहल का करावी, याची अर्धी कारणं तिथे सापडतात एवढंच सांगते.

खंबाटकीचा घाट चढताना उजाडलं. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वाईपर्यंत जुने वड आहेत, मधे मधे दात पडल्यासारखी मोकळी जागा. आत्या प्रत्येक मोकळ्या जागेला "इथं होता" म्हणत होती. खरंच होता की नव्हता, मी वाद घातला नाही.

पावणेआठला आम्ही गणपती घाटावर होतो.

सगळे जण आधी गणपतीसमोर जातात. आत्या मला देवळाच्या मागे घेऊन गेली. देऊळ नदीच्या काठाला, अगदी पाण्याच्या वाटेत. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा आला की तिच्यावर आपटून दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. आत्याने त्या दगडावर हात ठेवला. म्हणाली, "आम्ही पोरं पाणी कुठवर आलं ते इथं बघायला यायचो. मामा कान धरून घरी न्यायचा." धोमचं धरण तेव्हा व्हायचं होतं. नदी आपल्या मर्जीने चढायची आणि उतरायची.

मग पुढून दर्शन. एकाच दगडातला हा एवढा मोठा, ऐसपैस बसलेला गणपती. ढोल्या हे नाव वाईकरांनी किती प्रेमाने ठेवलंय बघा! देवाला जाडा म्हणायची हिंमत घरच्याच माणसाची असते. शेजारी काशीविश्वेश्वर, तोही रास्त्यांचाच, १७५७ चा. तिथला काळा कुळकुळीत नंदी बघून आत्याने, अगदी सहज, त्याच्या वशिंडावरून हात फिरवला. गोठ्यातल्या बैलावरून फिरवावा तसा.

(रास्ते म्हणजे पेशव्यांचे व्याही. नानासाहेब पेशव्यांची गोपिकाबाई इथल्या रास्त्यांचीच लेक. वाईत एवढी देवळं आणि घाट कुठून आले, असा प्रश्न पडला तर उत्तर बरंचसं त्या सोयरिकीत आहे.)

त्यानंतर आम्ही काहीही केलं नाही. एक तास दहा मिनिटं.

हे मला लिहायचंच होतं, कारण हाच भाग कुठल्याही पॅकेजमध्ये बसत नाही. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, तीन उतरेपर्यंत आत्याला घाम फुटला. चौथीवर बसली. मोजे काढलेन, घडी करून पिशवीत ठेवलेन. पाणी अजून पाच-सहा पायऱ्या खाली होतं, तिथवर जाणं शक्य नव्हतं. म्हणून मी खाली जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या पायांवर ओतलं. थंडगार. "आई गं!" म्हणून ओरडली, आणि लगेच, "अजून आण."

पलीकडे एक बाई गोधडी धूत होती. ओल्या गोधडीचं वजन काय असतं ते ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. ती एकटीने पिळायला लागली तशी आत्या बसल्या जागेवरून तिला सांगायला लागली, "अगं, एक टोक पायाखाली धर." बाईने धरलं. मग त्यांचं सुरू झालं. कुठल्या तुम्ही, कुणाच्या, मामांचं आडनाव काय, तो वाडा होय, तिथे आमची नणंद राहते दुसऱ्या मजल्यावर. वीस मिनिटांत आत्याच्या आजोळाचा पत्ता पुन्हा लागला. मी मधे एक शब्द बोलले नाही.

नदीला दोघीही 'कृष्णाबाई' म्हणत होत्या. वाईत तसंच म्हणतात. थंडी सरता सरता तिचे उत्सव सुरू होतात, एकेका घाटाचा आपापला: भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, रामडोह, ब्राह्मणशाही. १६५९ साली अफजलखान वाईत तळ देऊन होता, तेव्हा शिवाजी महाराजांवरचं संकट टळावं म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. गोधडीवाल्या बाईंना यात रस नव्हता. यंदा आमच्या आळीच्या प्रसादाचा स्वयंपाक कोण बघणार, हा त्यांचा विषय होता.

सगळंच गोजिरं होतं असं नाही. काठाला प्लॅस्टिक होतं. एक सद्गृहस्थ स्कूटरवरून आले, निर्माल्याची पिशवी गाठ न सोडता तशीच पाण्यात भिरकावली आणि हात जोडले. आत्या मोठ्याने म्हणाली, "पिशवी तरी सोडायची!" त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

साडेनवाच्या सुमारास मोठ्या बसेस यायला लागल्या. महाबळेश्वरला जाताना वाटेतलं दर्शन. एक मुलगा हात वर करून ओरडत होता, "पंधरा मिनिटं हं, पंधरा मिनिटं!" आणि चाळीस-पन्नास माणसं भराभर चपला काढत होती. त्यांना हसायचा मला हक्क नाही, वर सांगितलंय तशी मीही त्यांच्यातलीच. पण तो घाट आणि आम्ही पावणेआठला पाहिलेला घाट हे दोन वेगळे घाट आहेत. ऊन वर आलं की गावातली माणसं आपापली कामं आटोपून निघून जातात आणि मग पाहुणेच एकमेकांना बघत बसतात.

मेणवली तीन-चार किलोमीटरवर. गाडीवाले दादा आता खुलले होते. इथे कुठल्या कुठल्या पिक्चरांची शूटिंगं झाली याची यादी त्यांनी वाड्यापर्यंत पुरवली. आत्या गाडीतच बसली, तिचं झालं होतं. मी नाना फडणवीसांच्या वाड्याला बाहेरून वळसा घालून घाटावर पळत गेले ते फक्त घंटेसाठी. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेल्या घंटांपैकी ही एक. शंकराच्या देवळापाशी टांगलेली, आणि तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी. जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाही. दादा दहा वर्षं इथे गाड्या आणतायत, त्यांनी पहिल्यांदाच वर मान करून पाहिलं. "आईच आहे की," एवढंच म्हणाले.

परत येताना गंगापुरीत विश्वकोशाच्या कार्यालयासमोर आत्याने गाडी हळू करायला लावली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहिले म्हणून मराठीचा विश्वकोश वाईत झाला. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, पुढे २० खंड झाले. एका तालुक्याच्या गावात बसून जगभरचे विषय मराठीत लिहून काढले. "आमच्या घरी पहिले सात खंड होते," आत्या म्हणाली. "पुढचे घ्यायचे राहिले." त्यावर कुणी काही बोललं नाही.

बाजारात अर्धा किलो हळद घेतली. वाईला जाऊन हळद न घेता परतणं आत्याच्या घराण्यात बसत नाही. पावणेअकराला निघालो.

आता, घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे ऐकवलं गेलं त्याबद्दल. "एवढे पैसे घातले तर निदान राहायचं तरी." "पाचगणीला टेबललँडवर आत्याला घोडागाडीत बसवलं असतं." अरे, तिला बसायचं होतं ते पायरीवर. ८१ वर्षांच्या माणसाकडे दिवसाला पाच-सहा चांगले तास असतात, ते कुठे खर्च करायचे ते त्यालाच ठरवू द्या ना. उरलेला दिवस आपण त्याच्या नावावर आपली हौस भागवत असतो. आणि खरं सांगू का, पन्नाशीच्या माझ्याकडेही पाच-सहाच चांगले तास असतात. दुपारी जेवल्यानंतर मी कुठलंही निसर्गसौंदर्य मनापासून पाहिलेलं नाही, फक्त कबूल करत नव्हते.

भाडेवाल्यांशीही माझं भांडण नाही. गाडी दिवसभर अडकते, त्यांना किमान भाडं लावावंच लागतं. पण ती किमान रक्कम म्हणजे आपला गृहपाठ आहे, असं समजून आपण का पळत सुटतो?

परतीला खंबाटकीच्या बोगद्यात आत्याला डुलकी लागली. कात्रजला जागी झाली आणि मीटरकडे बोट दाखवून दादांना विचारायला लागली, किती झाले, किती राहिले. दादांनी हिशेब सांगितला.

"म्हणजे शंभरावर शिल्लक आहेत?"

"हो आजी."

"मग ते पुढच्या महिन्यात वापरता येतात का? मला कृष्णाबाईच्या उत्सवाला यायचंय. त्या गोधडीवाल्या बाईने बोलावलंय जेवायला."

दादा हसत सुटले. म्हणाले, "आजी, मालकाला विचारून सांगतो." अजून फोन आलेला नाही, पण आत्या रोज विचारतेय.