राहू द्या हो, दोन रुपयांनी काय होतंय!

हातात आलेले सुटे पैसे मोजणारा माणूस आपल्याकडे फार वाईट दिसतो. गल्ल्यासमोर उभं राहायचं, पिशवी दोन पायांत धरायची आणि ओठ हलवत नोटा मोजायच्या, हे चांगल्या घरातल्या माणसाला शोभत नाही. कमी पैसे परत देऊन आपल्याला कोणी गंडवू नये यासाठी काय करावं, असं तुम्ही विचारता. सोपं आहे. गंडवलं गेल्याचं कळूच द्यायचं नाही, निदान स्वतःला तरी. पैसे हातात पडले की मूठ मिटायची आणि ती मूठ तशीच खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत एकशे चाळीसच्या जागी एकशे तीस असले तरी तिचा भाव तोच राहतो.

सरावासाठी मुंबईची रिक्षा उत्तम. किमान भाड्याचे आकडे बघा: आधी १८, मार्च २०२१ पासून २१, ऑक्टोबर २०२२ पासून २३ आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६. पाचाच्या पाढ्यात एकही बसत नाही. भाडं २३ होतं तेव्हा तुम्ही २५ देऊन उतरत होता, आता ३० देऊन उतरता. कागदावर वाढ तीन रुपयांची, खिशाला विचाराल तर पाच. चालक आधी वरचा खिसा चाचपतो, मग पँटचा, मग हँडलखालचा खण. हे चाचपणं पूर्ण होईपर्यंत थांबून राहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. तो दुसऱ्या खिशाकडे वळला की लगेच म्हणायचं, “राहू द्या.” (कधी कधी त्याच्याकडे खरंच सुट्टे नसतात. सकाळपासून प्रत्येक शहाण्याने त्याच्यापुढे पाचशेचीच नोट नाचवलेली असते, आणि त्यात तुम्हीही होता.)

किराणा दुकानात गणिताची परीक्षा असते. बिल झालं २६० रुपये. तुम्ही पाचशेची नोट देता. शेठ विचारतो, “दहा सुट्टे आहेत का? म्हणजे बंदे देता येतील.” तुम्ही पाकिटाच्या कोपऱ्यातून दहाची नोट काढून देता. तेवढ्यात तो मागच्या बाईंना साबूदाणा कुठला हवा ते विचारतो, फोन घेतो, पोऱ्याला ओरडतो. मग तुमच्या हातावर शंभराच्या दोन आणि विसाच्या दोन नोटा ठेवतो. पाचशेतून दोनशे साठ गेले, राहिले दोनशे चाळीस. अगदी बरोबर! हिशोब जुळल्याच्या आनंदात तुम्ही पायऱ्या उतरता. ती दहाची नोट मात्र कुठल्याच वजाबाकीत नसते. शेठने मुद्दाम केलं की त्याचाही फोनमुळे घोळ झाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून परत जाऊन विचारू नका. दहा रुपयांसाठी परत आलेला ग्राहक अख्ख्या रांगेच्या लक्षात राहतो.

पन्नास परत देताना नोटांच्या मधोमध एखादी फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट असतेच. ती कोणत्याही बँकेच्या शाखेत नियमानुसार बदलून मिळते, पण त्यासाठी बँकेत जावं लागतं. त्यापेक्षा ती आपणही कोणाच्या तरी पन्नासच्या मधोमध घालावी. तिलाही फिरायची हौस असते.

दहाच्या नाण्याचं शास्त्र वेगळं आहे. त्याचे तोवरचे चौदाच्या चौदा नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण रिझर्व्ह बँक आपल्या नाक्यावर राहत नाही. तिथे ‘हे चालत नाही’ म्हणून नाणं परत करणारा टपरीवाला आणि तेच नाणं तुम्हाला मोड म्हणून देणारा टपरीवाला एकच असू शकतो. नाणं येताना चालतं, जाताना पांगळं होतं. पाच रुपयांऐवजी मिळणाऱ्या चॉकलेटचंही तसंच आहे, म्हणून ते तिथल्या तिथे खाऊन टाका.

एसटीत सोय अधिक चांगली. कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो. लेखी पुरावा! आता तुम्ही फक्त झोपायचं. उतरताना दारात गर्दी, वर टाकलेली बॅग, खाली रिक्षावाल्यांचा गलका. चार दिवसांनी शर्ट धुताना खिशात कागदाचा लगदा सापडतो आणि त्यावर ‘६०’ असं अजून वाचता येतं. कंडक्टरचा यात काडीचा दोष नाही. त्याने लिहून दिलं होतं.

स्कॅन करून पैसे द्या, असं सुचवणारे भेटतील. त्यात हिशोब रुपयाला रुपया चोख होतो आणि दुकानातला डबा तो चारचौघांत ओरडून सांगतो. शिवाय ‘राहू द्या’ म्हणायची संधी जाते. आपला मोठेपणा दाखवायचा कुठे मग?

माझी एक मावशी आहे. तिच्यासोबत बाजारात जाऊ नका. ती गल्ल्यासमोरच, दिव्याखाली, एकेक नोट अंगठ्याने चोळून मोजते. मागे दहा माणसं खोळंबोत. लहानपणी मी अशा वेळी चार पावलं लांब, बोर्ड वाचत उभा राहायचो. एकदा तिने मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मला वाटलं की आता भांडण. तर वीस रुपये जास्त आले होते. “भाऊ, हे तुमचे,” म्हणून तिने नोट परत दिली.

दुकानदाराने ती घेतली, दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिली, आणि मगच गल्ल्यात टाकली.