तीन नंबरच्या सॉकेटचा सातबारा

कार्यक्रमातल्या सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारा जुना अ‍ॅनालॉग मिक्सर हा सरळमार्गी गृहस्थ होता. मागे तीन नंबरच्या सॉकेटात तबल्याचा माईक खोचला की पुढे तीन नंबरच्या फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीवर) तबलाच येणार, दुसऱ्या कुणाची यायची प्राज्ञा नव्हती. डिजिटलमध्ये सॉकेट आणि फेडरचं नातं नुसतं कागदोपत्री. आणि कागद कालच्या कार्यक्रमवाल्याने बदललेले.

बेहरिंगर एक्स-३२ हा डिजिटल मिक्सर घ्या. तबल्याची वायर रंगमंचावरच्या एस-१६ स्टेजबॉक्समध्ये, म्हणजे माईकच्या वायरी गोळा करणाऱ्या पेटीत, तिथून एकच शिल्डेड कॅट-५ई केबल मिक्सरच्या एईएस-५० ए या डिजिटल जोडणीच्या पोर्टात. दिवा हिरवा. तबलजी ठेका धरतात. मीटर ढिम्म. मग आम्ही साउंडवाले परंपरेनुसार वायर बदलतो. वायर बिचारी धडधाकट असते.

भानगड राउटिंगच्या, म्हणजे कुठला आवाज कुठे जाणार ते ठरवणाऱ्या, पानावर आहे. तिथे इनपुट १-८ समोर 'लोकल १-८' आहे, म्हणजे मिक्सर स्वतःच्या पाठीवरचे सॉकेट एकचित्ताने ऐकत बसलाय. तिथे 'एईएस-५० ए १-८' करायचं. तबला आला! आणि निवेदिकेचा माईक गेला, कारण तो खरोखरच मिक्सरच्या पाठीत होता आणि ही बदली आठाच्या गठ्ठ्यानेच होते. एकट्यालाच हलवायचं तर फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) ४.० पासून 'युजर इन' आहे: ३२ जागा, प्रत्येकीला हवा तो सॉकेट द्या, आणि मग त्या गठ्ठ्याला 'युजर इन १-८' लावा. हे शेवटचं हमखास राहतं.

गेनची, म्हणजे माईकचा आवाज आत घेतानाच किती वाढवायचा त्याची, गंमत वेगळीच. गेन असतो सॉकेटच्या सातबाऱ्यावर, चॅनल (मिक्सरवरची त्या आवाजाची रांग) नुसतं कूळ. गायिकेचा एकच माईक सभागृहासाठी चॅनल ३ वर आणि तिच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरसाठी १९ वर घेतला, तर १९ वर गेन वाढवला की ३ वरही वाढतो. सभागृहात शिट्टी वाजते आणि अख्खं सभागृह मागे वळून बघतं. बाई बोट वर करून 'मॉनिटर वाढवा' खुणावतील तेव्हा हात गेनकडे नाही, मॉनिटरकडे जाणाऱ्या बसच्या (वाटेच्या) सेंडकडे, म्हणजे तिकडे किती आवाज पाठवायचा त्या खुंटीकडे, जावा. आणि सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेला, असावा, नाहीतर सभागृहात तुम्ही फेडर खाली घेतला की बाईंच्या पायाशीही त्यांचा आवाज मरतो.

आता बाहेर पडायचं. मेनचे, म्हणजे सभागृहाच्या मोठ्या स्पीकरचे, डावे-उजवे मुळात आउट १५ आणि १६ वर ठरलेले, स्टेजबॉक्सला आउटपुट आठच. मोठे स्पीकर त्याच्या ७-८ मध्ये लावले तर मेन येत नाही, आउट ७-८ वर जे असेल ते येतं. उपाय सोपा: राउटिंगमध्ये एईएस-५० ए च्या पहिल्या आठांना 'आउट ९-१६' द्या. मग स्टेजबॉक्सच्या ७-८ मधून मेन दणदणीत वाजतं.

फक्त स्टेजबॉक्सच्या १-२ मध्ये लावलेल्या मॉनिटरवर आता आउट ९-१० येतं. म्हणजे काहीच नाही. बाईंचं बोट पुन्हा वर आहे आणि तबलजी अजून ठेका धरून आहेत.