'उसना दुखवटा' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. योम हाशोआ, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंचा स्मृतिदिन, यावरच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: "बेने इस्रायलांना कोकणात कधी कुणी बोट लावलं नाही. मग योम हाशोआला हा उसना दुखवटा कशाला? सोहळे करण्यापेक्षा छळछावण्यांतून वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचं बघा. आणि भोंग्याची वेळसुद्धा तुम्हाला धड माहीत नाही."

आधी भोंग्याचं. चूक माझीच. इस्रायलभर भोंगा वाजतो आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, पण सकाळी अकराचा भोंगा आठवड्याने येणाऱ्या सैनिकांच्या स्मृतिदिनाचा. योम हाशोआ ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेला, त्याचा भोंगा दहाला, दोन मिनिटं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण 'धड माहीत नाही' हे कुणाला ऐकवता? १९६८ साली आम्ही रेवदंड्याहून इस्रायलमधल्या लोदला आलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते. पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा आईची भाकरी तव्यावर होती. खाली रस्त्यात बस थांबली, माणसं उतरून उभी राहिली. भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, पण आई जागची हलली नाही. का उभं राहायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता 'उसना'. हा शब्द लिहिताना तुम्ही थोडा तरी विचार करायला हवा होता.

उसनं काय असतं ते आमच्या घराला ठाऊक आहे. शेजारची बाई वाटीभर साखर न्यायची आणि वाटी भरून परत आणायची. ती ग्रीसमधल्या सलोनिकाची. डाव्या हातावर आकडा गोंदलेला. १९४३ साली मार्च ते ऑगस्टमध्ये त्या एका शहरातून ४५ हजारांहून अधिक ज्यू मालगाड्यांत कोंबून नेले, बहुतेक सगळे ऑश्विट्झच्या छळछावणीत. तिच्या घरातली ती एकटी उरली. तिला लादिनो, म्हणजे तिकडच्या ज्यूंची स्पॅनिशसारखी भाषा येई, आईला मराठी. दोघींचं हिब्रू मोडकंतोडकं. याद वाशेम या जेरुसलेमच्या स्मारकसंस्थेला मेलेल्या प्रत्येक माणसाचा एकेक साक्षीचा कागद भरून देतात: नाव, आईबापाचं नाव, जन्मगाव, मरण कुठे आलं. शाळेत जाणारी मी, म्हणून लिहायला मला बसवलं. धाकट्या भावाच्या वयाशी ती अडली. नऊ की दहा? बोटांवर मोजायची, परत पहिल्यापासून मोजायची. आई तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून होती. त्या संध्याकाळी मी नऊ कागद लिहिले.

कद्दिश, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला मुलगा लागतो, निदान भाऊ तरी. घरंच्या घरं बुडाली तिथे कुणी म्हणायचं? ज्यांच्या मरणाची तारीख ठाऊक नाही त्यांच्यासाठी तेवेत महिन्याची दहावी तारीख, हा उपासाचा दिवस, नेमलेली आहे. तो उपास बाबा रेवदंड्यातही धरायचे. लोदला ते सिनेगॉगमध्ये त्या नऊ जणांसाठी कद्दिश म्हणू लागले, ती नावं न अडखळता घेता यावीत म्हणून आदल्या रात्री माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे. बाबांना तुम्ही सांगितलं असतंत का, की हे दुःख तुमचं नाही?

आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही, यावर इथले रब्बी आमच्या लग्नांत खोडा घालत होते. आमची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा १९६४ साली क्नेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. इतकं झाल्यावर आज कुणीतरी मराठीतूनच विचारतो की रडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला. याचा राग येणार नाही तर काय?

औषधपाण्याचा प्रश्न सरकारला विचारा. मी घरात नेर नेशामा, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीचा दिवा लावते म्हणून कुणाच्या गोळ्या अडत नाहीत. त्यावर इथे वाद नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण 'उसना' हा शब्द परत आला तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.