खुलासा: एन-९५ मास्क गॅस अडवत नाही

मंडळी, आपल्या बंदरावरच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की लाँचीच्या मासळीच्या कप्प्यात सफाईला उतरताना एन-९५ मास्क लावला की गॅस लागत नाही. घाईत मीपण तो पुढे पाठवला, चूक झाली माझी. चांगल्या कंपनीच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं की हा मास्क गॅससाठी नाही. तो धूळ अडवतो, ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण, म्हणून फायबर घासताना, चिरेखाणीत तो हवाच.

पण बंद कप्प्यात मासळी कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस साठतो, आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि गॅस वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो, खलाशाला वाटतं गॅस गेला आणि तो खाली उतरतो. त्यात ऑक्सिजनही कमी, तिथे कार्ट्रिजवाला, म्हणजे गॅस शोषणारी डबी लावलेला, मास्कसुद्धा कामाचा नाही, तो हवा फक्त गाळतो.

झाकणं उघडून ब्लोअर लावा, मीटरने गॅस बघा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरूच नका. आतला पडला तर मागोमाग उडी नको रे बाबांनो, पाठीला हवेचा सिलिंडर लावलेला माणूसच आत जाऊ दे.

तो जुना मेसेज डिलीट करा, ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.