नर्सच्या हातात पेन दिलं तर काय बिघडतंय?

माझा शाळेतला एक मित्र बेळगावजवळच्या खानापुरात, जंगलाच्या तालुक्यात, मेडिकल दुकान चालवतो आणि आमचा फोन झाला की भांडण ठरलेलं. पूर्वी सीमाप्रश्नावर व्हायचं, आता उपकेंद्रातल्या सीएचओवर होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये गावोगावच्या उपकेंद्रांना हेल्थ अँड वेलनेस सेंटर केलं, आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहितात, आणि तिथं बहुतेक ठिकाणी नर्सिंग शिकलेली, वर सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स केलेली मुलगी बसते, तीच सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर बघते, डॉक्टरनं ठरवून दिलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देते, अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावते. मी म्हणतो की तिला साधी औषधं स्वतः सुरू करू द्या, डोस कमी-जास्त करू द्या. तो म्हणतो, "खुळा झालास काय गा? उद्या वॉर्डबॉयपण लिहील. शहरातल्यास्नी एमडी आणि आम्हा जंगलातल्यास्नी नर्स, व्हय?"

हे तो काउंटरमागं उभा राहून म्हणतो, आणि त्याच काउंटरवरून गुडघे दुखतात म्हणून आलेल्या म्हातारीला चिठ्ठीबिठ्ठी न बघता दुखण्याची गोळी देतो, एक पट्टी, सकाळ-संध्याकाळ एकेक. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. आपल्याकडं डॉक्टर नसलेल्या माणसाकडनं औषध घ्यायला कुणाचाच विरोध नसतो, शिकलेल्या नर्सकडनं घ्यायचं म्हटलं की मात्र सगळ्यांना कायदा आठवतो.

खरं त्याच्या बोलण्यातला दुसरा भाग, शहराला एक आणि खेड्याला एक, तो खोटा नाही. त्याच्यावर मी बरेच दिवस विचार करतोय.

मी राहतो आयोवात, अमेरिकेच्या मधोमध, मका आणि डुकरांचा मुलूख. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत जे शिकलो त्याच्यावरच इथं पोट चाललंय, ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं काम आहे. इथल्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा काउंटरवरच्या बाईनं सांगितलं, डॉक्टरच पाहिजे असतील तर थांबावं लागेल बरेच आठवडे, नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, चालत असेल तर ह्याच आठवड्यात या. मी नाक मुरडतच गेलो. तेव्हापासून तीच आमची एनपी, बायकोची पण तीच, आणि आता कुणी डॉक्टरकडं बदलून देतो म्हटलं तर बायको आधी नको म्हणेल.

ही एनपी म्हणजे कोण ते बघा. बाई शेतकऱ्याच्या घरातली, शाळा संपल्यावर म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये अंग पुसणं, डायपर बदलणं असली कामं केलेली. मग नर्सिंगची डिग्री, मग बरीच वर्षं आयसीयूत रात्रपाळी, आणि नोकरी करत करत मास्टर्स, शेवटी राष्ट्रीय पातळीची सर्टिफिकेशन परीक्षा. आयोवात एनपीला स्वतः तपासायला, निदान करायला, औषध लिहायला डॉक्टरची सही लागत नाही. टेक्सासमध्ये गेलं तर डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. म्हणजे तीच शिकलेली बाई, राज्य बदललं की तिचे अधिकार बदलतात. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सुरुवात झाली १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात. लॉरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे लहान मुलांचे डॉक्टर, दोघांनी मिळून कोर्स काढला, कारण खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या पोरांना बघायला डॉक्टरच नव्हते. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, वय १०४. त्यांच्यावर तेव्हा डॉक्टर तर चिडलेच, नर्सिंग शिकवणाऱ्या बायकापण चिडल्या, की तुम्ही आमच्या पोरींना छोटे डॉक्टर बनवताय. आज अमेरिकेत साडेतीन लाखांच्या वर एनपी आहेत.

आमच्या आईला सहा महिने इकडं आणलं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण पेशंटला बघायची पद्धत म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आईचं बीपी जुनं, घोटे सुजलेले, आम्हाला वाटत होतं किडनीचं काहीतरी असणार. (व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या दुखण्याला एक डॉलर देत नाही, रोख भरले, ते असो.) एनपीनं आधीच सांगितलेलं की घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा, देवाजवळच्या डब्यातल्यापण. फोनवर मराठी दुभाषा लावला, क्लिनिकनं पुरवला, वेगळे पैसे नाहीत, मी मध्ये बोलायला लागलो तर मला हातानं थांबवलं आणि आईकडं बघून विचारलं. दुभाष्याची मराठी पुण्याकडची आणि आई म्हणतेय "पाय जड होऊलालेत, रातीचं वळूलालंय", बिचारा दोनदा परत विचारत होता.

पिशवी पालथी केली तर अमलोडिपिन दहाची, आणि खाली दुखण्याची गोळी, रोज दोन, कित्येक महिने, कुणी लिहून दिलेली नाही. एनपीनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. अमलोडिपिनच्या मोठ्या डोसानं घोटे सुजतात हे नेहमीचं आहे, आणि असल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनीवर पण ताण येतो. म्हणजे एका गोळीनं बीपी चढवायचं, ते उतरवायला दुसरीचा डोस वाढवायचा आणि त्यानं पाय सुजवून घ्यायचे. रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट चांगला आल्यावर गुडघ्याला पॅरासिटामोल आणि व्यायाम दिला, अमलोडिपिन पाचवर आणली, जोडीला दुसरी एक गोळी लहान डोसात सुरू केली. मग विचारलं जेवणात मीठ कुठनं कुठनं येतं. आई म्हणाली मी भाजीत कमीच घालते. एनपी म्हणाली भाजी सोडून सांगा. तेव्हा बाहेर आलं, लोणचं, पापड, पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, तो पण बॅगेत भरून आणलेला. बांगडा बंद करा म्हणाली नाही. आठवड्यातनं एकदा, आणि त्या दिवशी लोणचं नको, एवढंच. शेवटी आईलाच विचारलं, आता तुम्ही मला सांगा घरी जाऊन काय काय करणार, आणि आईनं शाळेत धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं.

बेळगावात आईला बघणारे डॉक्टर हुशार आहेत, ह्याच्यात शंका नाही. खरं त्यांच्या केबिनबाहेर साठ माणसं बसलेली असतात आणि आतमध्ये दोन मिनिटं मिळतात, त्या दोन मिनिटांत पिशवी पालथी कधी करणार? नर्सला हे जमतं कारण तिची आधीची सगळी वर्षं पेशंटच्या उशाशी गेलेली असतात, कोण गोळी गिळतंय आणि कोण गादीखाली सरकवतंय ते तिला माहीत असतं.

हे नुसतं माझ्या घरातलं कौतुक आहे असं नाही. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये न्यूयॉर्कचा अभ्यास आला होता, १३१६ पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे काही एनपीकडं आणि काही डॉक्टरकडं वाटून दिलेले. सहा महिन्यांनी तब्येतीत फरक दिसला नाही, बीपीवाल्यांचा खालचा आकडा तर एनपीकडं थोडा कमीच, ८२, आणि डॉक्टरकडं ८५. अर्थात हे रोजच्या साध्या आजारांबद्दल आणि सहाच महिन्यांचं, ह्याच्यावरून कुणी ऑपरेशनच्या गप्पा मारू नयेत.

आता इकडचं जे पटत नाही ते पण सांगतो, नाहीतर मित्र म्हणेल अमेरिकेची आरती ओवाळतोय. एनपीचा कोर्स आता बऱ्याच ठिकाणी घरबसल्या ऑनलाइन होतो, प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे तास कमीत कमी ५०० मागायचे, आता ७५० झालेत, आणि डॉक्टरची रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं शिक्षण, ते हजारो तास. आमच्या एनपीसारखी आयसीयू करून आलेली वेगळी आणि डिग्री हातात पडल्या पडल्या पुढच्या कोर्सला बसलेली वेगळी, दोघींच्या कोटावर अक्षरं मात्र तीच. शिवाय हॉस्पिटलवाले एनपी घेतात ते काय सगळं सेवाभावानं नाही, डॉक्टरपेक्षा पगार कमी पडतो म्हणून घेतात. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच देतो, माझ्या खिशातनं जाणारा कोपे मात्र तेवढाच राहतो. इथल्या डॉक्टरांच्या संघटना ओरडतात त्यात थोडा धंदा आहे, थोडं खरंपण आहे.

आपल्याकडं डॉक्टर ओरडले ते २०१९ साली, नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात ३२ वं कलम आलं तेव्हा. डॉक्टर नसलेल्या कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला औषध द्यायचं मर्यादित लायसन, तेपण एकूण डॉक्टरांच्या एक तृतीयांशाच्या वर नाही. जुलैच्या शेवटाला देशभर ओपीडी बंद. माझ्या मते त्यांचा एक मुद्दा बरोबर होता, कलमात ह्या लोकांचं शिक्षण काय, अनुभव किती, ते धड सांगितलेलं नव्हतं. म्हणजे पेन कुणाला देणार ते न सांगता पेन द्यायचं ठरवलं. आणि दुसरीकडं ज्यांचं शिक्षण पक्कं आहे त्यांना पेन नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं आयसीयूसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स काढलाय, बाळंतपणासाठी दीड वर्षाचा मिडवाइफरीचा आहे, खरं शिकून बाहेर पडली की हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलबाहेर स्वतःहून काही लिहिता येत नाही. मग ती काय करणार? गल्फला जाणार, इंग्लंडला जाणार. बेळगावच्या नर्सिंग कॉलेजांतनं शिकलेल्या पोरी मला शिकागोच्या विमानतळावरपण भेटल्यात.

आणि आमच्या भागात ह्याला आणखी एक गाठ आहे. २०२३ ला महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकार खवळलं, आमच्या हद्दीत तुमचं काय काम. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आठवडाभर कॅमेऱ्यासमोर भांडून घेतलं. २००४ पासून सीमाप्रश्नाची केस सुप्रीम कोर्टात आहे, ती असू दे, मी काळ्या दिवसाच्या, म्हणजे कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीत लहानपणापासून चाललोय, मला कुणी शिकवू नये. खरं ती योजना मोठ्या दुखण्याची, दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरची. रोजच्या बीपीच्या गोळीसाठी ना हे सरकार भांडतंय ना ते. मिरजेला नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात अँजिओप्लास्टी फुकट होईल, ती करायची पाळी येऊ नये म्हणून आमच्या तालुक्यात जंगलातल्या कणकुंबीच्या बाजूला कोण बसलंय?

जी बसते तिची भाषा काय, हे पण कुणी विचारत नाही. गुलबर्ग्याकडची पोरगी नेमणुकीवर येते, स्वभावानं गुणी, म्हाताऱ्या बायकांना कन्नड येत नाही आणि तिला मराठी येत नाही, मग पिशवीतली दुसरी पट्टी कशी सापडणार? मराठीवाले लगेच म्हणतील बघा कन्नडसक्ती. तसं म्हणून भागत नाही, कारण पलीकडच्या गल्लीत धनगरांची, लिंगायतांची घरं आहेत आणि तिथं नुसत्या मराठीवर चालत नाही. दोन्ही येणाऱ्या पोरी आमच्याच तालुक्यात ढिगानं आहेत, त्यांना त्यांच्याच भागात नेमा एवढं साधं आहे. इकडं आयोवात एका मराठी म्हातारीसाठी फोनवर माणूस उभा करतात आणि आमच्या तालुक्यात मराठी बोलणारी नर्स मागितली की राजकारण होतं.

आई परत गेल्यावर गुडघ्याची गोळी पुन्हा सुरू झाली. कुणाच्या दुकानातनं, ते सांगत नाही. आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओनं बीपी वाढलेलं बघून विचारलं, काय खाताय आक्का, आणि पट्टी शोधून काढली. अगदी तेच, जे इथल्या एनपीनं केलं होतं. फरक एवढाच की त्या महिन्यापुरता डोस बदलायचा तिला अधिकार नाही. व्हिडिओ कॉल लावायचा तर पावसात टॉवर बंद. मग आई एसटीनं खानापूर, तिथनं बेळगाव, अख्खा दिवस गेला आणि हातात आली तीच गोळी, जी सीएचओच्या मनात होती.

तर मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. छातीत दुखायला लागलं तर नर्स नको, थेट बेळगाव, आणि चांगली नर्स स्वतःच तसं पाठवते, आमच्या एनपीनं मला ईसीजी बघून त्याच दिवशी हार्टवाल्याकडं धाडलं होतं. बीपी, शुगर, पोराचा ताप, गरोदर बाईची तपासणी, ह्याला पेन द्या, वॉर्डात निदान चार-पाच वर्षं काढलेली असेल तर. कंत्राटावर नको, कायम नोकरी द्या, नाहीतर हात बसेपर्यंत ती निघून जाईल. आणि तुझा शहर-खेड्याचा मुद्दा मला मान्य आहे म्हणूनच सांगतो, हीच नर्स बेळगाव शहरात टिळकवाडीतपण बसवा, इथं कारखान्याचा मॅनेजर आणि झाडूवाला एकाच एनपीसमोर बसतात तसं. तिथल्या लोकांनी तिच्याकडनं गोळ्या घेतल्या की जंगलातल्यांना कमी लेखल्यासारखं वाटायचं नाही. आणि जाता जाता, उपकेंद्राला दुपारी चारला कुलूप लागतं, बायका रानातनं सहाला येतात, तेवढी वेळ आधी बदला, त्याला कुठला कायदा लागत नाही.